टर्बो बसवायचाय: मॅनिफोल्ड बिडाचा की नळ्यांचा?

सांगली-साताऱ्याकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक जपून ठेवलेली पोरं अजून भेटतात. दीड लिटरचं इंजिन, १०६ अश्वशक्ती आणि वरच्या आरपीएमला मोकळं सुटणारं. आपल्या खिशाला परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. तिला टर्बो (एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवायचं ठरलं की बोलणं लगेच टर्बोच्या साइजवर आणि बूस्टच्या, म्हणजे त्या हवेच्या दाबाच्या, आकड्यावर जातं. सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोपर्यंत नेणाऱ्या मॅनिफोल्डचं काय, तर "बघू, फॅब्रिकेटर करील." माझ्या मते किटचं निम्मं नशीब त्या एका तुकड्यात ठरतं, म्हणून इथे तुलना त्याचीच.

ज्यांच्याकडे १.५ टीएसआयवाली व्हर्टस किंवा स्लाव्हिया आहे त्यांनी हे वाचायचं कारण नाही. त्या इंजिनात एक्झॉस्टच्या शाखा हेडमध्येच ओतलेल्या आणि पाण्याने थंड केलेल्या असतात, निवडायला काही उरतच नाही.

आधी जागा बघा

या सिटीतल्या होंडाच्या डी सीरीज इंजिनात एक्झॉस्ट पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे तोंड करून असतो. म्हणजे टर्बो बसणार इंजिन आणि रेडिएटरच्या फॅनमधल्या चिंचोळ्या जागेत. मे महिन्यात सांगलीत एसी काढून गाडी चालवायची तयारी नसेल तर कंडेन्सरही तिथेच राहणार. शिवाय टर्बोचं तेल दाबाने आत जातं, पण परत येताना नुसतं वजनाने खाली पडतं. त्यामुळे टर्बो इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या रिटर्नपेक्षा चांगला वर हवा आणि रिटर्नच्या पाइपला सरळ उतार हवा. पाइपला पोट आलं की तेल तुंबतं, सीलमधून झिरपतं आणि गाडी निळा धूर सोडते. मग लोक टर्बोलाच शिव्या देतात.

या दोन अटी पाळल्या की लांब, समान लांबीच्या नळ्यांचा देखणा मॅनिफोल्ड बऱ्याचदा आपोआप बाद होतो. बॉनेटखाली उंची मिळत असेल तर नळ्या वर नेऊन खाली वळवणारा रॅमहॉर्न हा मधला मार्ग आहे.

हवेचं गणित

आखूड लॉग मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडर एकाच आडव्या नळीत धूर सोडतात. चार सिलिंडरचा फायरिंगचा क्रम १-३-४-२, दर १८० अंशाला एक. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो त्याहून जास्त वेळ. त्यामुळे तीन नंबरचा पहिला जोराचा झोत येतो तेव्हा एक नंबरचा व्हॉल्व्ह अजून मिटलेला नसतो. गळीत हंगामात कारखान्याच्या फाटकात दोन्हीकडून ट्रॉल्या एकदम घुसाव्यात, तसला प्रकार. थोडा तापलेला धूर मागे सिलिंडरमध्ये शिरतो, नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी भडकण्याचा) धोका वाढतो आणि ट्यूनरला ठिणगीचं टायमिंग मागे घ्यावं लागतं. बूस्ट तेवढाच, ताकद कमी.

समान लांबीच्या वेगळ्या नळ्या हे भांडण कलेक्टरपर्यंत, म्हणजे नळ्या एकत्र येतात त्या सांध्यापर्यंत, पुढे ढकलतात. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा खरा आहे. पण लांब नळ्या म्हणजे आतली जागा जास्त आणि उष्णता गमवायला पृष्ठभागही जास्त, त्यामुळे खालच्या आरपीएमला टर्बो उशिरा जागा होतो. पसरणी घाटात किंवा यवतेश्वरच्या चढाला गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण अडीच ते साडेचार हजारांत फिरते. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १५ टक्के कमी असतो. टर्बोची खरी गंमत तिथेच, आणि तिथे तो लवकर फिरायला हवा. सात हजारांवरच्या दहा-बारा घोड्यांचं घाटात काय करायचं?

बिडाचा मॅनिफोल्ड म्हणजे गरिबाचा, हा समजही काढून टाका. मित्सुबिशीने १९९६ च्या लान्सर इव्हो ४ मध्ये ट्विन-स्क्रोल, म्हणजे धूर आत यायला दोन वेगळ्या वाटा असलेला, टर्बो दिला. एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या वेगळ्या ठेवल्या की झोत एकमेकांवर आदळत नाहीत, आणि कंपनीने हे काम ओतीव मॅनिफोल्डवरच केलं. (सुबारूचा तो प्रसिद्ध घुमणारा आवाज असमान लांबीच्या नळ्यांमुळे येतो. आवाज आवडला म्हणून रचना चांगली ठरत नाही.) पहिल्याच किटला ट्विन-स्क्रोल मात्र नको, वेस्टगेटचं (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचं) काम दुप्पट होतं.

तडे

खरा निकाल इथे लागतो. जोरात चालणाऱ्या पेट्रोल टर्बोत धुराचं तापमान ८५० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. ३०४ स्टेनलेसची ३० सेंटीमीटरची नळी ८०० अंशांनी तापली की चार मिलिमीटरहून जास्त लांबते. एका टोकाला हेडचा फ्लँज, दुसऱ्या टोकाला लटकणारा जड टर्बो, मग ती लांबी जाणार कुठे? वेल्डच्या कडेला. बीड आणि साधं पोलाद त्या मानाने बरंच कमी पसरतं. शिवाय ३०४ वर साधारण ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात वेळ गेला की धातूतलं क्रोमियम कार्बाइड होऊन कणांच्या कडेला जमतं आणि कडा कमजोर होतात. टायटॅनियम घातलेलं ३२१ याला पुरून उरतं, पण भंगारात किंवा जवळच्या दुकानात ते सहज हाती लागत नाही.

आपल्या भागाची जमेची बाजू म्हणजे कारागीर. दूधसंघांच्या स्टेनलेस लाइनींवर हात बसलेला टिग वेल्डर नळीच्या आतून आर्गन सोडून वेल्ड मारतो, म्हणजे आतल्या बाजूला काळी खरपुडी येत नाही. मॅनिफोल्डला नेमकं हेच लागतं, नाहीतर ती खरपुडी सुटून टर्बाइनच्या पात्यांवर जाते. फक्त त्याच्याकडचीच दुधाची नळी वापरू देऊ नका. ती दीड-दोन मिलिमीटरची असते, चकाचक दिसते आणि तडकते. सव्वा इंची स्टीम पाइपचे बेंड घ्या. पाइपची जाडी शेड्यूल नंबरने सांगतात: शेड्यूल १० ला भिंत २.७७ मिलिमीटर, शेड्यूल ४० ला ३.५६. साध्या पोलादाचं शेड्यूल ४० वरून गंजेल, कुरूप दिसेल, पण टिकेल.

ओतीव हवा असेल तर तुमच्या इंजिनाला बसणारा तयार मिळतो का ते बघा. कुपवाड किंवा शिरोलीत फौंड्र्या आहेत, पण एका नगासाठी पॅटर्न करून घेणं कुणालाच परवडत नाही.

वेस्टगेट

छोट्या बूस्टला टर्बोतलाच वेस्टगेट पुरे. बाहेरचा घेतलात तर त्याची नळी झोताच्या दिशेने, तिरकी निघाली पाहिजे. काटकोनात किंवा उलट्या दिशेने काढली की धूर तिकडे वळत नाही आणि वरच्या आरपीएमला बूस्ट ठरवल्यापेक्षा चढत राहतो. इंजिन फोडायचा हा सोपा रस्ता.

मग घ्यायचं काय?

गाडी रस्त्यावर आणि घाटात फिरणार असेल तर बसणारा बिडाचा, तो नसेल तर जाड स्टीम पाइपचा आखूड. वाचलेले पैसे इंजेक्टर आणि ट्यूनिंगला. कोइमतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डे मारायचे असतील, टर्बोला ब्लॉकवरून आधाराचा ब्रॅकेट देणार असाल आणि मधूनमधून तडे शोधायची तयारी असेल, तरच लांब नळ्यांचा. त्यावर कापडी रॅप गुंडाळू नका, नळी आणखी तापते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं ते वेगळंच.

काम ताब्यात घेताना एवढं करा. वेल्डिंगच्या उष्णतेने हेडचा फ्लँज वाकतोच, मग तो १२ मिलिमीटरचा का असेना. त्यावर सरळ पट्टी आडवी आणि तिरकी ठेवून फीलर गेज लावा. ०.१ मिलिमीटरचं पातं आत शिरलं तर मिलिंगवर फेसिंग मारून सपाट करून घ्या, मगच पैसे द्या.