डिचोलीच्या घरात ईआरव्ही: यंत्र चांगले, बसवणारे यथातथाच

आमचे घर डिचोली तालुक्यात, खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्याला लागून. एवढे सांगितले की गोव्यातल्या माणसाला आमच्या खिडक्या बंद का असतात ते वेगळे सांगावे लागत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 खाण लिज रद्द केल्या, त्यानंतर काही वर्षे रस्ता बराच शांत होता. आता ट्रक परत धावतात आणि खिडकीच्या गजावरून बोट फिरवले की तांबडे होते. त्यामुळे खिडक्या बंद आणि रात्री एसी.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतो असे आमच्या पतसंस्थेत निम्म्या लोकांना वाटते. तो काही घेत नाही. खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. आमच्या बेडरूममध्ये कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवला तेव्हा पहाटे आकडा दोन हजार पीपीएमच्या वर गेलेला असायचा. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. सकाळी डोके जड का असते याचे उत्तर तिथेच मिळाले. म्हणून हे ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर), म्हणजे घरातली शिळी हवा बाहेर काढून ताजी हवा आत आणणारे यंत्र. ते आता एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा पाहून झाले आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार डब्याबद्दल नाही.

यंत्राचे काम सोपे आहे. एक पंखा खोल्यांतली शिळी हवा ओढतो, दुसरा बाहेरची ताजी हवा गाळून आत ढकलतो. दोन्ही प्रवाह एका कोअरमधून शेजारून जातात, मध्ये पातळ पडदा. हवा एकमेकींत मिसळत नाही, पण आतल्या हवेचा गारवा बाहेर फुकट जायच्या आधी येणाऱ्या हवेला मिळतो. कोअर नुसती उष्णता देवघेव करणारा असेल तर ती एचआरव्ही (हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर). पडदा बाष्पही पलीकडे जाऊ देत असेल तर ईआरव्ही.

पहिल्या विक्रेत्याने एचआरव्हीचे कोटेशन दिले होते, वर ‘उष्णतेची 86 टक्के बचत’ असे ठळक अक्षरात. युरोपात बाहेर शून्य आणि आत वीस अंश असतात, तिथे ते ठीक. आपल्याकडे जुलैच्या रात्री बाहेर 29 अंश आणि आत 25, म्हणजे फरक चार अंशांचा. खरे ओझे बाष्पाचे. मी दिवसभर आकडेच बघते, म्हणून हिशेब मांडला. बाहेर 85 टक्के आर्द्रता, आत 55 टक्के, तासाला 100 घनमीटर हवा. दहा तासांच्या रात्रीत साधारण 12 लिटर पाणी बाष्परूपाने घरात येते. ते पिळून काढायला एसीला लागणारी शक्ती त्या चार अंशांसाठी लागणाऱ्या शक्तीच्या सहापट. ईआरव्हीने बाष्पाची 60 टक्के देवघेव केली तर 12 चे पाच लिटर होतात. एचआरव्हीने जवळपास 12 चे 12 च राहतात. कोटेशन परत केले.

100 घनमीटर कुठून आले तेही सांगते. अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे संस्थेचे घरांसाठीचे मानक आहे, 62.2. चौरस फुटांना 0.03 ने गुणायचे, बेडरूमच्या संख्येत एक मिळवून त्याला साडेसातने गुणायचे, दोन्हींची बेरीज म्हणजे मिनिटाला लागणारे घनफूट. आमचे 1200 चौरस फूट आणि दोन बेडरूम, म्हणजे साडेअठ्ठावन्न. तासाला 99 घनमीटर. यंत्र 150 चे घेतले, म्हणजे ते मधल्या वेगावर चालते आणि आवाज करत नाही. हा सल्ला दुकानदाराचाच होता आणि तो योग्य निघाला.

आता बसवण्याबद्दल. इथे मात्र मन लावून वाचा.

हवा कुठल्या भिंतीतून घ्यायची यावरच आमचा पहिला खटका उडाला. उत्तरेला रस्ता, म्हणजे ती बाजू बाद. पश्चिमेला पावसाची झड सरळ भिंतीवर येते. बसवणाऱ्यांना पूर्व हवी होती, कारण तिकडे डक्ट, म्हणजे हवेचा पाइप, सगळ्यात आखूड. पण पूर्वेला शेजारच्या काकूंची न्हाणी, आणि तिथे पहाटे नारळाच्या सोडणांवर आंघोळीच्या पाण्याचे भाण तापते. फिल्टर धूळ अडवतो, वास अडवत नाही. मी म्हटले, काकूंची चूल मी बंद करायला सांगणार नाही, तुम्हीच डक्ट वळवा. शेवटी हवा घेतली दक्षिणेकडून, विहिरीच्या बाजूने, जिथे छपराची पाख चांगली लांब आहे, आणि शिळी हवा सोडली पूर्वेला. दोन तोंडे जवळजवळ ठेवली तर सोडलेलीच हवा परत आत येते. निदान दोन मीटर अंतर हवे.

चिऱ्याच्या भिंतीत डक्टसाठी गोल भोक पाडायला (कोअर कटिंग) वेळ लागत नाही, पण ड्रिलला पाणी सोडतात आणि ती तांबडी रबडी भिंतीवरून खाली ओघळते. आधी प्लास्टिक बांधून घ्या. आमच्या रंगवलेल्या भिंतीवरचे ओघळ अजून आहेत. भोकाला बाहेरच्या बाजूने थोडा उतार द्यायला सांगा, म्हणजे झडीचे पाणी आत येणार नाही. ते यांनी नीट केले, श्रेय देते.

पावसाळ्यात मुलाच्या खोलीतल्या पीओपीवर तपकिरी डाग उमटला. माणूस आला, खालूनच बघितले आणि म्हणाला, “बाय, वर नळा फुटलाय.” नळे, म्हणजे छपराची कौले, आम्ही मे महिन्यातच परतून घेतले होते. मी शिडी लावून माळ्यावर गेले, टॉर्च मारला. नळे कोरडे, वासे कोरडे. खोलीतून हवा ओढणाऱ्या डक्टच्या पोटाखाली मात्र थेंबांची रांग, एकेक थेंब फुगून पीओपीवर पडत होता. पोरगा एसी 23 वर ठेवतो. ती गार हवा उघड्या डक्टमधून माळ्यावरून जाते आणि माळ्यावर जुलैतली दमट हवा. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो, तसा डक्टला सुटला होता.

गंमत म्हणजे इन्सुलेशन केलेले होते, पण चुकीच्या तुकड्यावर. यंत्राबरोबर आलेले पुस्तक थंड देशासाठी लिहिलेले आहे. तिथे भिंतीपासून यंत्रापर्यंतचे डक्ट बर्फासारखे गार होतात, म्हणून त्यांना लपेटायचे आणि यंत्रापासून खोल्यांपर्यंतचे उघडे ठेवले तरी चालते. आपल्याकडे उलटे. आपले गार डक्ट म्हणजे खोल्यांकडचे. बसवणाऱ्यांनी पुस्तकाबरहुकूम काम केले आणि पैसेही पुस्तकाबरहुकूम घेतले. “कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये असेच आहे,” हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले की शेवटी म्हटले, मग कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये आषाढ दाखवा. खोल्यांकडच्या डक्टना काळे नायट्राईल रबर, सांधे टेपने बंद, हे काम मी एसीवाल्या दुसऱ्या माणसाकडून पदरचे पैसे देऊन करून घेतले. त्यानंतर डाग वाढलेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बॅलन्सिंग, म्हणजे येणारी-जाणारी हवा मोजून जुळवणे. डक्ट जोडले, यंत्र सुरू केले, हवा येते आहे ना, सही करा. असे चालत नाही. प्रत्येक जाळीवर अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग दाखवणारा मीटर) धरून मोजायला लावा आणि आकडे कागदावर लिहून घ्या. त्यांच्याकडे मीटर नसेल तर 50 लिटरची कचऱ्याची पिशवी चुरगाळून, हवा काढून जाळीवर धरा. तासाला 50 घनमीटर येत असतील तर ती साधारण साडेतीन सेकंदांत फुगते. आमच्या बेडरूमची पिशवी आळशासारखी फुगत बसली, कारण लवचिक डक्ट एका वाशाखाली दाबून नेला होता. तेवढ्या भागात पीव्हीसी पाइप घातला आणि हवा सुधारली. दमट प्रदेशात आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवावी, नाहीतर दारा-खिडक्यांच्या फटींतून दमट हवा आत ओढली जाते.

स्वयंपाकघराची चिमणी या डक्टला जोडू देऊ नका. आमच्याकडे तसा प्रस्ताव आला होता, ‘एकात एक होऊन जाईल’ म्हणून. बांगडे तळल्यावरचे तेल कोअरच्या पडद्यावर बसले की तो कोअर गेला.

निगा राखणे हे बसवण्यापेक्षा सोपे आहे. बाहेरच्या हवेच्या वाटेवर दोन फिल्टर आहेत, आधी जाड जी4, मग बारीक एफ7. जाड फिल्टर मी महिन्याला काढून व्हॅक्यूमने साफ करते. ट्रक जोरात असतात तेव्हा घड्यांच्या कडांवर गेरू फासल्यासारखा थर दिसतो आणि तो आपण श्वासात घेत होतो हे तेव्हा कळते. एफ7 धुवायचा नसतो, बदलायचाच. गोव्यात तो दुकानात सहज मिळत नाही, बाहेरून कुरिअरने येतो. त्यामुळे एक जोडी घरात असलेली बरी.

बाहेरच्या तोंडाची जाळी हा खास आपल्याकडचा विषय. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे उठतात. विहिरीपाशी दिवा होता, त्याच्यावर झुंबड आणि शेजारीच आमची जाळी. सकाळी जाळीवर पंखांचा पापुद्रा चिकटलेला आणि आत हवा निम्मी. आता दिवा पलीकडच्या खांबावर नेला आहे. तुमची जाळी शिडी लावून हाताने पुसता येईल अशाच उंचीवर ठेवा. किनाऱ्याजवळ घर असेल तर ती 316 स्टेनलेसची घ्या, बाकीची खाऱ्या हवेत गंजते.

एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, अनुभव एका प्रसंगात सांगते. सर्व्हिसला आलेल्या मुलाने कोअर बाहेर काढला, अंगणात ठेवला आणि एसी धुतात तो जेट पंप त्याच्यावर रोखला. ईआरव्हीचा आमचा कोअर कागदासारख्या पडद्याचा आहे, पाण्याने त्याचा लगदा होईल. मी ओरडले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, सगळे असेच धुतो.” कोअर वाचला. त्याच्यावर फक्त हलका व्हॅक्यूम फिरवायचा असतो. एएमसी पुढे चालू ठेवली नाही.

फायदा काय झाला? मीटर आता पहाटे हजाराच्या आसपास असतो. सकाळचे जडपण गेले, टेबलावरची धूळ कमी झाली. बंद खोलीचा जो एक कोंदट वास कपाटाला यायचा, तोही नाही. वीज साधारण 50 वॉट, म्हणजे चोवीस तास चालवले तरी दिवसाला सव्वा युनिटच्या आत. लाइट जाऊन आली की यंत्र आपोआप जुन्या वेगावर सुरू होते. विकत घेताना हे विचारून घ्या, पावसाळ्यात आपल्याकडे त्याची रोज परीक्षा होते. सगळा खर्च लाखाच्या थोडा वर गेला, त्यात दुरुस्तीचे पैसे वेगळे.

पण हे यंत्र हवा कोरडी करत नाही, हे लक्षात ठेवा. एसी बंद असताना पावसाळ्यात ते पूर्ण वेगात चालवले तर बाहेरचीच आर्द्रता घरात येते. चवथीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले, दारे सताड उघडी, तेव्हा मी ते सरळ बंद करते. डिसेंबर-जानेवारीत ट्रक नसलेल्या रात्री खिडकीच उघडते. सासूबाई म्हणतात, खिडकीला कोअर नाही की फिल्टर नाही. त्यांच्या बाजूने बोलायचे तर फोंड्याला माझ्या भावाचे घर कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत आहे, एसी नाही, धूळ नाही. त्यानेही यंत्राची चौकशी केली होती. त्याला मी घेऊ नको म्हटले.

रस्त्याकाठी राहत असाल, एसीत झोपत असाल आणि घरात दमा असेल तर घ्या. ईआरव्हीच घ्या, आणि ऑर्डर देतानाच लेखी घ्या: खोल्यांकडच्या डक्टना नायट्राईल, प्रत्येक जाळीचे मोजलेले आकडे, आणि शेवटचा हप्ता पहिला जोरदार पाऊस होऊन गेल्यावर. आम्ही सगळे पैसे एप्रिलमध्येच चुकते केले होते. बसवणाऱ्यांचा फोन त्यानंतर लागेनासा झाला.