बारा इंची ताट की नऊ इंची?

रक्तातली साखर वाढल्यापासून वहिनींचा एकच प्रश्न: "भावजी, जेवायला कुठलं ताट घेऊ?" घरात दोन्ही आहेत, त्यामुळे खर्चाचा मुद्दाच नाही.

जागा पाहिली तर नऊ इंची ताटात बारा इंचीच्या जेमतेम 56 टक्के मावतं. भाताची छोटी मूदही त्यात भरलेली दिसते. पण लहान ताटामुळे आपोआप कमी खाल्लं जातं, हे प्रयोगांत दर वेळी दिसलेलं नाही. दुसऱ्यांदा भात वाढून घेतला की सगळं मुसळ केरात.

मोठ्या ताटात अर्ध्या भागात पालेभाजी-कोशिंबीर, पाव भागात भाकरी किंवा भात, उरलेल्यात उसळ, अशी नीट वाटणी होते. लहान ताटात दाटी झाली की पहिल्यांदा काकडीच वगळली जाते, आणि तीच तर हवी असते!

वाट्या मात्र पाणी ओतून मापाच. आमची 'छोटी' वाटी 150 मिलीची निघाली, सुपाचा बाऊल 350चा. आमटीला मोठा चालेल, खिरीला मुळीच नाही.

भाज्या आवडीने खाणाऱ्यांना मोठं ताट बरं. भातावर हात सुटणाऱ्यांना नऊ इंची. वहिनी, तुम्ही नऊ इंचीच घ्या, कोशिंबीर मोठ्या बाऊलमध्ये वेगळी.