302 सांगून 270 गळ्यात मारलं

अमेरिकेत राहून जुन्या ड्रॅग रेसिंगचा (सरळ पट्ट्यावरच्या पाव मैलाच्या शर्यतींचा) नाद जोपासणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे तातडीने लिहितोय. ज्या माणसाने ट्रकचं जुनं इंजिन 302 घन इंचांचं सांगून 270 चं विकलं आणि मला फसवलं, त्याची जाहिरात पुन्हा लागली आहे. गाव वेगळं, नाव वेगळं, फोटो मात्र तेच.

आधी इंजिनाबद्दल थोडं. जीएमसी या अमेरिकी ट्रक कंपनीचं सहा सिलिंडरचं 270 घन इंचांचं इंजिन दुसऱ्या महायुद्धातल्या सीसीकेडब्ल्यू ट्रकमध्ये होतं. असे पाच लाखांवर ट्रक निघाले, म्हणून ते आजही सापडतं. 302 मात्र 1952 ते 1960 एवढंच बनलं. लष्कराच्या एम135 आणि एम211 ट्रकांत ते असायचं. पाव मैलाच्या शर्यतीत आठ सिलिंडरच्या व्ही-8 ला गाठायचं तर घन इंच हवेतच, त्यामुळे इनलाइन सिक्सवाल्यांची (एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन वापरणाऱ्यांची) उडी 302 वर पडते आणि भावही तसाच चढतो. दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, सारखाच: 4 इंच. फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात: 270 चा 3.78 इंच, 302 चा पूर्ण 4. इंजिन समोर असेल तर जाणकार बाहेरूनही ओळखतो. पण माझं इंजिन तीन राज्यं पलीकडे होतं आणि फोटो अस्सल 302 चेच होते. एका फोटोत तर उघड्या सिलिंडरमध्ये बोअर मोजणारा गेज धरलेला, माप बरोबर चार इंच. तो ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) भलत्याच कुणाचा होता.

विक्रेत्याने 4,500 डॉलर वायरने, म्हणजे बँकेतून थेट, मागितले. "वाटेत गंज चढू नये म्हणून हेड बसवून पाठवतो," असं म्हणाला. ऐकायला ते रास्तच वाटतं, आणि त्याचा सगळा डाव याच वाक्यावर उभा होता: हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, बसवलेलं असलं की बोअर मोजता येत नाही.

पेटी आली, हेड उतरवलं, गेज लावला. 3.84 इंच. म्हणजे 270 चाच ब्लॉक, 60 थाऊ (इंचाचे हजारांश) बोअर मारलेला. हिशेब केला तर जेमतेम 278 घन इंच. ब्लॉकवरचा नंबर घासून पुन्हा ठोकला होता. रंग पुसल्यावर आकड्यांभोवती ग्राइंडरचे ताजे ओरखडे दिसले. त्याहून संताप आला तो वॉटर जॅकेटच्या (थंड करणारं पाणी फिरतं त्या पोकळीच्या) बाजूला. तिथे रंग उगाचच जाड होता. लोहचुंबक फिरवला, तर सगळीकडे चिकटणारा चुंबक वीतभर पट्ट्यात धरेचना. खरवडलं तर खाली एम-सीलसारखी पुट्टी भरलेली आणि त्याखाली बिडाला उभी चीर. कधीतरी हिवाळ्यात आत पाणी गोठून ब्लॉक फुटला होता. असं इंजिन कुणी स्ट्रिपवर नेलं आणि भर वेगात पाणी मागच्या चाकांखाली सांडलं, तर चालवणाऱ्याच्या जिवावर बेतेल. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

फोन केला तर म्हणाला, "ब्लॉक तुम्हीच बदलला असणार." मग माझा फोन नंबरच ब्लॉक केला. बँक म्हणाली, वायर तुम्ही स्वतः मंजूर केली आहे. एफबीआयच्या आयसी3 या इंटरनेट-गुन्हे तक्रार केंद्राकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली आहे.

अशा व्यवहारात सुट्या फोटोंवर जाऊ नका. ठोकलेल्या नंबरपासून सिलिंडरमधल्या गेजपर्यंत कॅमेरा न थांबवता काढलेला व्हिडिओ मागा. हेड काढायला नकार देत असेल, तर स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडर किती घन इंचांचा आहे ते मोजणारं उपकरण असतं. रेसच्या तांत्रिक तपासणीत ते वापरतात. मॅग्नाफ्लक्सने (चुंबकीय तपासणीने) चीर आणि सॉनिक टेस्टने (ध्वनिलहरींच्या तपासणीने) सिलिंडरच्या भिंतीची जाडी कळते, आणि साठ-सत्तर वर्षं जुन्या ब्लॉकला दोन्ही हव्यातच. विक्रेत्याच्या गावाजवळ इनलाइनर्स इंटरनॅशनल या इनलाइन इंजिनांच्या शौकिनांच्या क्लबचा कुणी सदस्य भेटला तर त्याला बघून यायला सांगा. या छंदातली माणसं अशा कामाला आनंदाने जातात. पैसे एस्क्रोत, म्हणजे माल तपासेपर्यंत तिऱ्हाइताकडे, ठेवा.

नव्या जाहिरातीत त्याने एक कहाणीही जोडली आहे: 1950 साली कॅलिफोर्नियात सांता आना विमानतळावर ड्रॅग शर्यती सुरू झाल्या, त्या पहिल्या दिवसापासून हे 302 धावलं म्हणे. तेव्हा 302 बाजारात आलंच नव्हतं! किंमत माझ्यापेक्षा हजारने कमी लावली आहे आणि हेड बसवूनच पाठवणार आहे. कुणी पैसे पाठवले असतील तर आजच्या आज बँकेला फोन करा. वायर परत फिरवण्याची आशा असते ती पहिल्या एक-दोन दिवसांतच.