धोबी तलावची वाद्यदुरुस्ती: चारही वाद्यं वेळेत परत

दादरच्या आमच्या हौशी बँडचं संचालन मी सतरा वर्षं करतोय. पाऊस ओसरला की डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कार्यक्रमांच्या तालमी लागतात, आणि पहिल्याच रविवारी काहीतरी बिघडतंच. यंदा चार वाद्यं निघाली, ती धोबी तलावच्या दुरुस्तीच्या दुकानात नेली. दोन ट्रंपेट, युफोनियम (खालच्या स्वरांचं मोठं पितळी वाद्य), क्लॅरिनेट.

एका ट्रंपेटचा मधला पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायचा दट्ट्या, आधी दुसऱ्या एका ठिकाणी पक्कडीने ओढला गेला होता. नुसते ओरखडे! इथल्या काकांनी तो बोटावर फिरवून पाहिला आणि म्हणाले, "अहो, हाच अर्धा स्वर उतरवतो. हा अडकला तर एफ शार्प वाजवणार कसा?" नळीला आतून आलेला पोचा त्यांनी काढला, पिस्टन घासून बसवला. आता तो सोडल्याबरोबर वर येतो.

क्लॅरिनेटचं काम तर बघत बसावं असं. पावसाळ्यात पॅड, म्हणजे छिद्रं झाकणाऱ्या छोट्या गाद्या, फुगतात आणि हवा निसटते. सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी प्रत्येक पॅडखाली ठेवून, बटण दाबून ती हळूच ओढायची. सैल सुटली की तिथे गळती. पाच पॅड बदलले, जोडावरचं झिजलेलं बुचही नवं घातलं.

चारही वाद्यांचे मिळून 3800 रुपये, नऊ दिवस. फोन सहसा उचलत नाहीत, त्यामुळे थेट जावं, तेही दुपारी चारनंतर. आमची क्लॅरिनेटवाली मुलगी दुकानातच खालचा लांब स्वर धरून उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो मध्ये तुटला नाही.