एजिस ऑथेंटिकेटर, बरेच महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून एजिस वापरतेय, म्हणजे पासवर्डनंतर लागणारा लॉगिनचा कोड फोनवरच काढून देणारं ऑथेंटिकेटर ॲप. फुकट आहे, ओपन सोर्स आहे (म्हणजे ॲप कसं लिहिलंय ते कुणालाही बघता येतं), एकही जाहिरात नाही. जीमेल, फेसबुक, इन्स्टा, झेरोधाचं शेअर्सचं ॲप काइट, सगळ्यांचे कोड आता यातच. माझं मत आधीच सांगून टाकते, एसएमएसवाला ओटीपी सोडून ऑथेंटिकेटरवर जा, नक्की जा, पण आधी बॅकअपची सोय लावा आणि मगच बाकीचं.

आमचं घर देवरूखच्या पण आत आहे. पावसात लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवर पण जातो, घरात इन्व्हर्टरवर वायफाय चालू असतं पण ओटीपीला मोबाइलची रेंज लागते, मग तो येणार अर्ध्या तासाने आणि तोवर एक्स्पायर. ऑथेंटिकेटरला रेंज पण लागत नाही आणि नेट पण नाही. सुरुवातीला क्यूआर स्कॅन करतो तेव्हा एक सीक्रेट की फोनमध्ये सेव्ह होते, तीच त्या साइटकडे असते, आणि दोघं आपापल्या घड्याळावरून दर 30 सेकंदांनी तोच 6 आकडी कोड काढतात. एअरप्लेन मोडवर टाकून बघा, कोड बदलतच राहतात. शिवाय सिम बदललं की पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवतात, ते सिम स्वॅप करणाऱ्या, म्हणजे आपल्या नंबरचं दुसरं सिम काढून घेणाऱ्या चोरांना अडवायला आहे आणि बरोबरच आहे, पण त्या दिवशी आपलंही सगळं अडतं.

घड्याळावरून आठवलं, भावाला हेच ॲप टाकून दिलं तर त्याचा प्रत्येक कोड चुकीचा. शेवटी बघितलं तर एसटी चुकू नये म्हणून त्याने फोनचा टाइम पाच मिनिटं पुढे लावलेला! ऑटोमॅटिक टाइम ऑन केला, लगेच चाललं.

आता बॅकअप, म्हणजे फोन हरवला किंवा बदलला तरी कोड परत मिळायची सोय. एजिस स्वतःहून कुठल्याही ऑनलाइन अकाउंटला कोड सिंक करत नाही (म्हणजे तिथे कॉपी ठेवत नाही), एक एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद फाइल काढून देतं आणि ती उघडायला ॲपचाच पासवर्ड लागतो. मी फाइल पेनड्राइव्हवर ठेवलीय आणि पासवर्ड कागदावर लिहून कपाटात, दोन्ही वेगवेगळ्या जागी. दिवाळीत नवीन फोन घेतला तेव्हा ॲप टाकलं, फाइल इम्पोर्ट केली, पासवर्ड दिला, चहा होईपर्यंत सगळे कोड जसेच्या तसे. रोज फिंगरप्रिंटने उघडतो म्हणून पासवर्ड विसरायला होतं, तर हे ॲप अधूनमधून मुद्दाम पासवर्ड विचारतं. ही गोष्ट मला फारच आवडली. आणि गूगल जे 10 बॅकअप कोड देतं ते पण प्रिंट काढून ठेवाच, एक कोड एकदाच चालतो. ज्यांना फाइल सांभाळायची कटकट नको त्यांनी गूगल ऑथेंटिकेटर घ्या, त्यात 2023 पासून अकाउंटला सिंक होतं, मात्र मग ते गूगल अकाउंटच नीट जपायला हवं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, खोट्या साइटवर तुम्ही स्वतःच कोड टाकलात तर समोरचा त्या 30 सेकंदात तो वापरू शकतो. त्यामुळे लिंकवरून लॉगिन करायचंच नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा फिंगरप्रिंटने लॉगिन) किंवा यूबीकीसारखी पेनड्राइव्हएवढी की त्या बाबतीत जास्त भक्कम, कारण ती साइटचा खरा पत्ता जुळल्याशिवाय चालतच नाही. जिथे पासकी मिळते तिथे मी आता तीच लावतेय.

व्हॉट्सॲपला ऑथेंटिकेटर लागत नाही, सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा 6 आकडी पिन आहे. आईला तो लावून दिला आणि ईमेल पण जोडला, कारण पिन विसरला आणि ईमेल नसेल तर 7 दिवस थांबावं लागतं. "काकू, चुकून तुमच्या नंबरवर माझा कोड आलाय, पाठवता का" असे मेसेज आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपमधल्या बायकांना येतायत, तो कोड खरं तर त्यांच्याच व्हॉट्सॲपचा असतो, आणि पिन असेल तर नुसत्या एसएमएस कोडवर अकाउंट जात नाही. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर हे आजच करा, प्लीज.

माझ्या बँकेत मात्र अजून एसएमएसच आहे, शाखेत विचारलं तर दुसरा पर्याय नाही म्हणाले. आयफोनवाल्यांना एजिस मिळणार नाही, त्यांनी टूएफएएस किंवा एन्टे ऑथ बघा, दोन्ही अँड्रॉइडवर पण चालतात.