सुकट खाणाऱ्याने फेणीला नाक मुरडू नये: नऊ महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये नोकरीच्या निमित्ताने म्हापशाला राहायला आलो. गाव कुडाळ, मधली पंधरा वर्षं पुण्यात गेली. फेणीशी, म्हणजे गोव्याच्या काजूच्या (किंवा माडाच्या) दारूशी, तोवरची ओळख बहुतेक मराठी माणसांची असते तीच. कॉलेजच्या ट्रिपला कळंगुट, शोभेच्या बाटलीतली फेणी, त्यात स्प्राइट, एक घोट आणि "शी! काय हा वास!" त्यानंतर वीस वर्षं कुणी विषय काढला की तोच एक घोट सांगायचा.

आता नऊ महिने झाले. एवढ्या काळात सत्तरीतली घरगुती काजू फेणी, दुकानातल्या दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या बाटल्या, सासष्टीतली माडाची फेणी आणि हंगामात उर्राक, म्हणजे फेणीच्या आधीची हलकी धार, एवढं घरात येऊन गेलं. वेग बेताचा. शुक्रवार-शनिवार, एक पेग, फार तर दोन.

आधी वासाचं बोलून घेऊ. वास आहे. "चांगल्या फेणीला वास नसतो" असं सांगणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका. मे महिन्यात भर दुपारी काजूच्या बागेत गळून पडलेल्या बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, जो दर्प येतो तो, त्यात थोडा आंबायला लागलेला अननस, आणि मागे कुठेतरी नेलपॉलिश. माझी आई जूनमध्ये चार दिवस आली होती. दारात चपला काढता काढता म्हणाली, "काय रे, ह्यो वास कसलो?" ओट्यावर बाटली दिसली तसा पदर नाकाला. गंमत अशी की त्याच बाईच्या पिशवीत वर्तमानपत्राच्या तीन घड्यांत बांधलेली सुकट आणि दोन खारे बांगडे होते. त्या वासाने एसटीत शेजारचा माणूस उठून पुढच्या सीटवर गेला, हेही तिनेच हसत हसत सांगितलं.

फेणी मला त्या दिवशी कळली. सुकटीचा वास आपण लपवतो का? तिला कांदा, ओलं खोबरं, तिखट आणि दोन कोकमं देतो आणि मग त्याच वासावर दोन घास जास्त जेवतो. फेणी मात्र व्होडका असल्यासारखी गोड सोड्याखाली दाबायला जातो. ती दबत तर नाहीच, उलट लिंबू-गोळीचा वास वरून चढतो आणि दोन्ही मिळून डोकं उठवतात. मी मार्च ते मे हेच केलं. ते तीन महिने वाया गेले म्हणायला हरकत नाही. अपवाद उर्राकचा, त्याचं पुढे येईल.

एप्रिलमध्ये एका सहकाऱ्याच्या मामांची भाटी, म्हणजे फेणी गाळायची जागा, बघायला वाळपईच्या पुढे दोनदा जाऊन आलो. हे ज्याला जमेल त्याने करावंच. मामा म्हणाले, "आधी कोळंबी बघ." मला वाटलं जेवायला कोळंबी आहे. निघाली कातळात कोरलेली उथळ टाकी, तिच्यात उभं राहून बोंडू पायांनी तुडवतात. बोंडू झाडावरून काढत नाहीत. आपोआप गळून पडला तोच पिकला. बी वेगळी काढून घ्यायची, बाकी कोळंबीत. तुडवून निघालेला रस तीन-चार दिवस आपोआप आंबतो. बाहेरून यीस्ट नाही, साखर नाही. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून, वर दगड ठेवून जो रस थेंबथेंब गाळतात तो नीरो. तो ताजाच प्यायचा. पहिल्या दिवशी मी चार ग्लास नीरो प्यालो, आणि खरं सांगायचं तर गोव्यात आजवर प्यालेल्या सगळ्या गोष्टींत अजूनही तोच पहिल्या नंबरावर आहे. दुपारपर्यंत आंबायला लागतो, त्यामुळे फार वेळ ठेवता येत नाही.

आंबलेला रस तांब्याच्या भांड्यात चढवला की पहिल्या धारेचा तो उर्राक, साधारण पंधरा टक्के अल्कोहोल. तो पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून चढवला की फेणी, ४२ ते ४५ टक्के. मामा काचेच्या बाटलीत थोडी घेऊन जोरात हलवतात आणि वरच्या बुडबुड्यांची माळ किती वेळ टिकते ते बघतात. ताकदीला शब्द मात्र पोर्तुगीज काळातला, ग्राव. शेजारच्या खोलीत हायड्रोमीटर पडलेला होता. तो अबकारीवाल्यांसाठी, म्हणाले.

काजू मुळात ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणलेला. तरी बोंडवाची दारू इथे गोव्यात अशी मुरली की काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला वारसा मद्य ठरवलं. आमच्या सिंधुदुर्गात झाडं तीच, माती बरीचशी तीच, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती आज कुठे कुठे पोचल्या आहेत. पण बोंडू? बी पिळून काढली की तो झाडाखाली कुजतो. लहानपणी आम्ही तो मीठ लावून खायचो आणि शर्टावरचे डाग दाखवून मार खायचो, एवढाच त्याचा उपयोग.

आता उर्राक. हंगाम मार्च ते मे. हलका, फळाच्या वासाचा, आणि इथे सगळे पितात तसाच प्यावा: लिम्का, मिठाची चिमूट, एक हिरवी मिरची उभी चिरून, भरपूर बर्फ. यात सुधारणा करायला जाऊ नका. मी पुदिना घालून बघितला, जलजिरा घालून बघितला, दोन्ही वेळा मूर्खपणा झाला. एकच इशारा: सरबतासारखा उतरतो, म्हणून माणूस सरबतासारखाच पितो. भर उन्हात तीन ग्लास झाल्यावर उठून उभं राहून बघा. आणि उर्राक टिकत नाही. मी हौसेने दोन बाटल्या पावसाळ्यासाठी ठेवल्या होत्या. ऑगस्टमध्ये उघडल्या तेव्हा चव पडलेली, फळ गेलेलं, नुसता आंबूस कडवटपणा. ओतून दिल्या.

एक फसवणूकही नोंदवतो. मे महिन्यात रस्त्याकडेच्या एका टपरीवरून "घरची, पहिल्या धारेची" म्हणून पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत फेणी घेतली. एक तर बाटली कदंबाच्या बसमध्ये गळली. पर्वरीपासून म्हापशापर्यंत सगळी बस माझ्याकडे बघत होती आणि मी खिडकीबाहेर. दुसरं, घरी हलवून बघितली तर बुडबुडे लगेच फुटले, म्हणजे पाणी घातलेलं. चवीला प्लॅस्टिक वेगळंच. तेव्हापासून नियम: ओळखीच्या भाटीवरची, नाहीतर दुकानातली सीलबंद, आणि घरी आली की काचेच्या बाटलीत. मामांकडची मी पाऊण लिटरला साडेतीनशेने घेतली. दुकानातल्या दोन्ही तिच्यापेक्षा महाग आणि स्वच्छ चवीच्या होत्या, पण वासाला भित्र्या. पाहुण्यांसाठी त्या बऱ्या.

तापमानाने फार फरक पडतो, हे मला उशिरा कळलं. बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तर गोठत नाही, जराशी दाट होते आणि वास गप्प बसतो. नवख्याला छोट्या ग्लासात अशी द्यावी. पण मजा घ्यायची असेल तर खोलीच्या तापमानाला, चमचाभर साधं पाणी घालून. पाण्याने वास मोकळा होतो, आणि मग त्या नेलपॉलिशच्या मागे पिकलेलं फळ खरोखर सापडतं. जमैकाची उग्र रम ज्यांना आवडते त्यांना हे सांगावं लागणार नाही.

मिश्रणांत घरात टिकून राहिलेलं एकच, आणि तेही पंधरा-वीस प्रयत्नांनंतर. ६० मिली फेणी, एक चहाचा चमचा कोकमाचं आगळ (घट्ट रस), दोन चमचे गुळाचा पातळ पाक, बर्फ, वर सोडा. शेवटी एक तिरफळ, काळं बी काढून टाकून, बोटांनी चुरून वर सोडायचं. आगळ मिठाचं असतं, त्यामुळे वेगळं मीठ नको. आणि त्या मिठानेच फेणीचा मागचा कडवटपणा बसतो. अमृत कोकम घालू नका, पाकाची मिठाई होते. तिरफळाने जिभेला जी झिणझिण येते ती फेणीच्या उग्रपणाला बरोबर भिडते. आईने हे प्यालं नाही, पण वास घेऊन म्हणाली, "बांगड्याचा तिखला कसा काय वास मारता ह्येका?" मी ते कौतुक समजलो.

दुसरं, ब्राझीलच्या कायपिरिन्याच्या चालीवर: लिंबाच्या फोडी सालीसकट साखरेबरोबर खलबत्त्यात चेचायच्या, बर्फ आणि फेणी. तिकडे उसाची काशासा घालतात. काजूचं झाड तिकडून आलं, तर कृतीही तिकडची घ्यायला काय हरकत आहे? चांगलं लागतं, फक्त लिंबू जास्त चेचलं तर सालीचा कडू उतरतो. टॉनिक वॉटर मला अजिबात पटलं नाही. बरेच जण सुचवतात, मी तीनदा करून बघितलं. किनाइनचा कडू आणि फेणीचा कडू एकमेकांच्या खांद्यावर चढतात. कोलाबद्दल लिहायची इच्छाच नाही.

माडाची फेणी हा वेगळाच प्राणी. रेंदेर माडावर चढून काढतो ती सूर, म्हणजे माडी, तिच्यापासून ही बनते, मुख्यतः दक्षिण गोव्यात. वास सौम्य, किंचित खोबरेल, गोडसर. शहाळ्याच्या पाण्याबरोबर सुरेख. पण एक बाटली संपल्यावर मी दुसरी आणली नाही. काजूची सवय झाल्यावर ती मला जरा मवाळ वाटते.

खरी कमाई मात्र चखण्यात झाली. काजूच्या दारूला खारे काजू हा प्रघात कुणी पाडला कोण जाणे. दोघांचा काही संबंध लागत नाही. फेणीला चरबी, आंबट आणि मीठ लागतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मण्यांच्या माळांसारख्या लटकवलेल्या चोरिसच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजच्या, माळा मिळतात. माळ घेताना दाबून बघा. कडक असेल तर मुरलेली, मऊ असेल तर कालची. कांदा आणि थोडं पाणी घालून शिजवायची, तेल नको, तिचंच सुटतं. सोबत पोदेर, म्हणजे पाववाला, संध्याकाळी सायकलवरून भोंगा वाजवत आणतो ती पोई. पोई पोकळ आणि वरून कोंडा लावलेली, तिच्यात चोरिस भरायची, आणि फेणीचा घोट. चोरिसमधला व्हिनेगर तोंड साफ करतो, मग पुढचा घोट पहिल्यासारखाच लागतो. मांस न खाणाऱ्या मित्रासाठी मीठ-मिरची लावलेली कैरी ठेवली होती, आणि दिवाळीत घरून आलेली भाजणीची चकली. चकलीतल्या तिळाने आणि ओव्याने चकित केलं. आता भाजणी संपली आहे आणि आईला कारण न सांगता आणखी कशी मागवायची हा प्रश्न आहे.

बाजारातून बेबिंका, ती थरांची गोड मिठाई, आणणं बंद केलं, म्हणजे फेणीसोबत तरी. पेराद मात्र चालतो. पेरूच्या त्या घट्ट गोड वडीचा छोटा तुकडा आणि थंड फेणी, जेवणानंतर.

कुडाळला गणपतीत घेऊन जाशील का, असं भावाने विचारलं होतं. नाही नेली. बांद्याकडे तपासणी असते, गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही, आणि एका बाटलीसाठी गाडी अडकवून बसायची हौस नाही. त्याला म्हटलं, तूच ये. नोव्हेंबरमध्ये आला, तोच कळंगुटचा जुना घोट आठवून तोंड वाकडं करत. आगळाचा ग्लास दिला, काय आहे ते न सांगता. अर्धा संपल्यावर म्हणाला, "ह्यात सोलकढी घातलंस काय रे?" दुसरा त्याने स्वतः बनवला, तिरफळं दोन घातली, आणि मग अर्धा तास जिभेला काहीच कळत नव्हतं.

गेल्या आठवड्यात नाताळच्या केकसाठी मनुका आणि टुटीफ्रुटी भिजवली. रमऐवजी निम्मी फेणी. पूर्ण फेणी घालायचा मोह होता, पण पहिल्या खेपेला एक छोटा केक तसा करून बघितला आणि बायकोने तो डब्यात घालून बाल्कनीत ठेवला. निम्म्यावर ठीक जमलं.

मामांकडच्या बाटलीत आता चार बोटं उरली आहेत. नवी धार मार्चशिवाय यायची नाही, म्हणून हल्ली पाहुणे आले की त्यांना बिअर देतो.