व्हॉट्सॲप, युनिव्हर्सिटीचं पहिलं वर्ष: म्यूटच्या बटणाला पाच स्टार, बाकीचं बघू

२००९ मध्ये आलेल्या ॲपचा रिव्ह्यू आत्ता कोण लिहितं असं म्हणाल, बरोबरच आहे. पण शाळेत असताना मी हे नुसतं वापरायचे, आणि घर सोडून युनिव्हर्सिटीत आल्यावर अख्खं घरच ह्याच्यात राहायला आलं, आई बाबा ताई शाळेतल्या मैत्रिणी सगळे एका खिशात. त्यामुळे मेसेज जातो का, कॉल नीट लागतो का असला हा रिव्ह्यू नाहीये (जातो, लागतो). घरापासून लांब गेल्यावर ह्याच्या जिवावर नाती टिकतात का, एवढंच बघायचंय. दोन सेमिस्टर वापरून लिहितेय.

आधीच सांगून टाकते, ह्यातली माझ्या सगळ्यात कामाला आलेली फीचर्स म्हणजे बंद करायची. म्यूट, अर्काइव्ह, ब्लू टिक ऑफ. हसू नका.

पहिला आठवडा. आईचा मेसेज, उठलीस का. मग जेवलीस का. मग नुसतं प्रश्नचिन्ह. मी लेक्चरमध्ये, बाकाखाली मोबाइल धरून पटकन वाचलं आणि ठरवलं की संध्याकाळी निवांत लिहू, दोन ओळीत काय उरकायचं. तिकडे तिला दोन निळ्या टिका दिसल्या, वर ऑनलाइन पण दिसले, उत्तर काही नाही. दुपारी बाबांचा फोन, "आईशी काही बोलणं झालं का तुझं?" संध्याकाळी ताईचा, "अगं काय झालंय, आईचा चेहरा बघवत नाहीये." काहीच झालेलं नव्हतं हो, मी फक्त वाचलेलं. आता ह्यात ॲपचा काय दोष, टिक खरं तेच सांगते. पण वाचलं म्हणजे दुर्लक्ष केलं हा अर्थ आपण लावतो, आणि आई तर लावतेच.

तर ब्लू टिक, २०१४ पासून आहे ती, प्रायव्हसीत जाऊन बंद करता येते. ग्रुपमध्ये आणि व्हॉइस मेसेजला मात्र बंद होत नाही, म्हणून फॅमिली ग्रुपवर त्याचा उपयोग शून्य, आईशी वेगळ्या चॅटवर बोलणं सुरू केलं तेव्हा खरा फरक पडला. आणि बंद करण्याआधी फोन करून सांगा, हे महत्त्वाचं. मी म्हटलं, आई मी ते निळं बंद करतेय, रागावून नाही, मला तुला सावकाश उत्तर द्यायचं असतं म्हणून. ती म्हणाली, कर की. आता गंमत बघा, आपण बंद केलं की समोरच्याचं पण आपल्याला दिसत नाही, असा नियमच आहे. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की रात्री झोपायच्या आधी मीच दहा वेळा बघायचे, आईने वाचलं का, आई ऑनलाइन आहे का, एवढ्या रात्री का जागी आहे. कोण कोणावर नजर ठेवत होतं काय माहीत.

लाइव्ह लोकेशन हे दुसरं चांगलं. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास एवढेच पर्याय, मग आपोआप बंद, आणि ते आपोआप बंद होतं हीच त्यातली मजा. त्याआधी आमच्याकडे दुसरंच एक ॲप होतं, नाव नाही घेत, त्यात मी म्हणजे चोवीस तास नकाशावरचा एक ठिपका. एकदा तो ठिपका दिवसभर एकाच जागी अडकला, मी लायब्ररीत अभ्यास करत होते आणि मोबाइल चार्जिंगला रूमवर, तर घरून थेट वॉर्डनना फोन. वॉर्डन मला शोधत लायब्ररीत. सगळ्यांसमोर. त्यानंतर तह झाला: प्रवासात असेन तेव्हाच लोकेशन, ते पण एक तास. बाबांना पटायला वेळ लागला पण आता तेच म्हणतात की पोचलीस की एक मेसेज टाक, बास.

मैत्रिणींचं प्रकरण जास्त अवघड आहे. शाळेच्या आम्ही नऊजणी, एक ग्रुप. पहिल्या महिन्यात वाचून संपणार नाहीत एवढे मेसेज, मग फोटोखाली "मिस यू" आणि हार्ट, मग वाढदिवस, मग वाढदिवस पण कोणीतरी आठवण केल्यावर. मला वाटायचं घराची आठवण येते म्हणून उदास वाटतंय, पण घरी तर रोज बोलणं होतं, उदास वाटायचं ते ह्यांच्यासाठी. ह्याला इंग्रजीत फ्रेंडसिकनेस म्हणतात, पॉल आणि ब्रायर ह्या संशोधकांनी २००१ मध्ये कॉलेजात नव्या आलेल्या मुलांबद्दल अभ्यास केलेला त्यात हा शब्द आहे. मला तो वाचून इतकं बरं वाटलं, म्हणजे हे फक्त मलाच होत नव्हतं.

त्यात स्टेटस. चोवीस तासांनी जातं म्हणतात, पण डोक्यातून जात नाही. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण नव्या कुणाच्यातरी गळ्यात हात टाकून हसतेय, आणि मी तो फोटो पुन्हा पुन्हा उघडतेय. शेवटी तिचं स्टेटस म्यूट केलं. तिला नाही, तिच्या स्टेटसला. दोन दिवसांनी तिच्याशी नेहमीसारखं बोलता आलं.

मग मी जरा वाचत बसले. रॉबर्ट्स आणि डनबार ह्या संशोधकांनी शाळा संपवून बाहेर पडलेल्या मुलांची नाती दीड वर्ष तपासली, तर संपर्क कमी झाला की मैत्री पटकन विरते, नातेवाइकांचं तसं होत नाही, ते बरंच टिकून राहतं. आणि मुलींची मैत्री बोलण्याने टिकते, मुलांची एकत्र काहीतरी करण्याने. हे शंभर टक्के, आमच्या वर्गातली मुलं जुन्या मित्रांशी रोज रात्री ऑनलाइन गेम खेळतात, कोण कसा आहे एका शब्दाने विचारत नाहीत, आणि दोस्ती एकदम घट्ट. २०१४ मध्ये अजून एक अभ्यास आलेला, २४ मुलामुलींचे दीड वर्षाचे फोन कॉल्स बघून. माणसं बदलली, पण कोणाला किती वेळ द्यायचा ह्याची प्रत्येकाची वाटणी साधारण तशीच राहिली. म्हणजे खुर्च्या तेवढ्याच. नवं कोणी येऊन बसलं की जुन्यातलं कोणीतरी उठणार, भांडण नको की काही नको. आमच्या नऊजणीत कोणाचंच भांडण झालेलं नाहीये, हे मला तेव्हा कळलं.

आणि नवीन माणूस बसतो पण पटकन. जेफ्री हॉल म्हणून एक संशोधक आहेत त्यांनी २०१८ मध्ये हिशोब मांडलेला, ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणायला ९०, जिवलग व्हायला २०० च्या वर. रूममेटसोबत जागेपणी दिवसाला चार तास धरले तरी ५० दिवसात २०० होतात. आठवड्याला एक कॉल करणारी मैत्रीण ह्या शर्यतीत कुठून पुरी पडणार, तिथे ॲप काय करणार बिचारं.

मग काय चाललं? व्हॉइस नोट. ग्रुप अर्काइव्ह केला, नऊमधल्या दोघींना चालता चालता सात-आठ मिनिटांच्या नोट्स पाठवते, त्या पण पाठवतात, उत्तर आजच दिलं पाहिजे असं काही नाही. बाकी सहाजणींबद्दल वाईट वाटतं का, वाटतं. २०२१ पासून नोट दुप्पट वेगात पण ऐकता येते, मैत्रिणींसाठी सोयीचं आहे, पण आईची नोट दुप्पट वेगात ऐकू नका. मी एकदा ऐकली घाईत, तिचं हसू चिमणीसारखं आलं, मग इतकं वाईट वाटलं की परत पहिल्यापासून नीट ऐकली.

ग्रुप व्हिडिओ कॉलवर ३२ जण येतात, २०१८ मध्ये चारच यायचे. मला विचाराल तर चारच बरे होते, पाचव्या माणसापासून ती मीटिंग होते, सगळे एकमेकींना "हॅलो, आवाज येतोय का" आणि ज्या दोघींना बोलायचंय त्या गप्प. मेसेज डिलीट करू नका, खूण राहते, आणि घरून लगेच "काय डिलीट केलंस?" त्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या आत एडिट करा. बाबांच्या "ठीक." मधल्या पूर्णविरामाचा अर्थ लावत बसू नका, त्यांना तो तसाच लावायची सवय आहे, मी ताईला विचारून खात्री केलीय.

तोटा एकच सांगते, आणि तो पण माझाच. सुट्टीत घरी गेले, किती दिवसांनी, आणि सांगायला काही उरलंच नव्हतं. रूम, रूममेट, प्रोफेसर, सगळं फोटोसकट आधीच पोचलेलं. आई म्हणाली, "हो, ते तू टाकलेलंस." आता एखाददुसरी गोष्ट मुद्दाम राखून ठेवते घरी गेल्यावर सांगायला.

त्याच सुट्टीत आईने मोबाइल दिला, म्हणाली बघ गं ह्याचं चार्जिंग लवकर का संपतंय. व्हॉट्सॲप उघडंच होतं. फॅमिली ग्रुपच्या नावापुढे म्यूटची खूण. ताईने शिकवलं असणार, मी रात्री एक-दीडला हॉस्टेलचे फोटो टाकायचे ना. मी काही बोलले नाही, ब्राइटनेस कमी केला आणि फोन परत दिला.